सातव्या दिवसाचे रिव्ह्यू

नऊ वर्षांत चौदा रिव्ह्यू. त्यातला एक आमच्या ह्यांचा, तोही असा: 'फार छान काम. माझा सख्खा धाकटा भाऊ आहे.' आता असं लिहिल्यावर कोण विश्वास ठेवणार? मी तेव्हाच बोलले होते, तर म्हणाले, "खोटं काय लिहिलंय त्यात?" आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. समोरचा माणूस काय विचार करील हा भाग त्यांच्या भिंगातून दिसत नाही.

स्टुडिओ माझ्या दिरांचा, भाऊजींचा. दोन खोल्या. पुढे काउंटर, दोन खुर्च्या आणि रस्त्याकडची मोठी खिडकी. आत टॅटू काढायचं मशीन, लांब बाकडं, हवा तसा वाकणारा दिवा आणि रंगांच्या छोट्या बाटल्या ओळीने. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षं काढली, शेवटची दहा तक्रार विभागात. एक्स्चेंज बंद पडलं तशी मला घरी बसवलं, आणि घरी मी चार दिवसांत सगळ्यांच्या डोक्यावर बसले, म्हणून ह्यांनी मला भाऊजींच्या काउंटरवर आणून बसवलं. तेव्हापासून पुढची खोली माझी.

आमच्या समोरच दीड वर्षापूर्वी दुसरा स्टुडिओ उघडला. त्याचे रिव्ह्यू सहाशे. तिथल्या पोराचं काम मी पाहिलंय. गुलाब काढतो तो कोबीसारखा दिसतो. पण मोबाइलवर 'जवळचा टॅटू स्टुडिओ' म्हणून शोधलं की तो सगळ्यात वर, आणि आमचे भाऊजी चपलांच्या दुकानाच्याही खाली. माझा जळफळाट व्हायचा. भाऊजींना काही नाही. ते आत बसून कुणाच्या तरी दंडावर पिसाचा एकेक केस काढत असायचे.

हे असंच चाललं असतं, पण एक दिवस इस्पितळातल्या सिस्टर आल्या. भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात त्या एकोणीस वर्षं आहेत. मनगटावर एक छोटी पणती काढून घेतली त्यांनी, आणि काढून होईपर्यंत भाऊजींच्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे एक खोली सुरू होतेय. भाजून भुवया गेलेल्या असतात, ओठांची कड गेलेली असते, कातडीवर पांढरे पट्टे उरतात. ते रंगाने भरून द्यायला माणूस हवाय. कायमचा, आठवड्यातले दोन दिवस. तुम्ही अर्ज करा."

मशीन पुसणारा भाऊजींचा हात थांबला. मी त्यांच्याकडे पाहिलं. गेली दोन वर्षं हा माणूस दर सुटीच्या दिवशी नकली कातडीचे तुकडे पुढ्यात घेऊन कातडीचे रंग जुळवत बसतो. गव्हाळ, सावळा, लालसर, कोपराजवळचा, गळ्याजवळचा. त्याच्या दोन वह्या भरल्यात. आजवर अशा अकरा माणसांचे डाग त्यांनी झाकलेत, सगळे गुपचूप आलेले. हेच काम त्यांना हवं होतं आणि ते मागायचं कुणाकडे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"बघू," भाऊजी म्हणाले.

माझं लग्न झालं तेव्हा भाऊजी दहावीत होते. त्यांचं 'बघू' मी ओळखते. एखादी गोष्ट जिवापाड हवी असली की ते 'बघू' म्हणतात.

अर्जाचा कागद सिस्टरांनीच आणून दिला. निवड करणारी तीन जणांची समिती होती आणि अटी सात होत्या. सहा आम्ही तिथल्या तिथे पुऱ्या केल्या. सातवी अशी: ऑनलाइन किमान शंभर ग्राहकांचे रिव्ह्यू हवेत आणि सरासरी साडेचार स्टारच्या खाली नको. मुदत तीन महिने. सिस्टर ओशाळून म्हणाल्या, "बाहेरचा माणूस रुग्णांजवळ बसवायचा म्हणजे कमिटीला काहीतरी पुरावा लागतो ना."

चौदाचे शंभर करायचे होते.

आधी मी म्हटलं, भाऊजी स्वतःच मागतील. कामाने खूश झालेला माणूस समोर उभा असतो, नुसतं 'दोन ओळी लिहा' म्हणायचं. एक नर्तकी घोट्याभोवती वेल काढून घेऊन इतकी हरखली होती की आरशासमोरून हलेना. मी काउंटरवरून डोळे मोठे केले, भुवया उडवल्या, शेवटी खोकले. भाऊजी दारापर्यंत गेले तिच्यामागे. तोंड उघडलं. म्हणाले, "पाणी लावू नका."

ती गेली. मी म्हटलं, "भाऊजी, हे तुमचं आत सांगून झालं होतं."

"हो वहिनी. पण महत्त्वाचं आहे ते."

मग मी सूत्रं हातात घेतली आणि तिथेच माती खाल्ली. एक्स्चेंजमध्ये आमचा नियम होता: फोन जोडून दिला की सातव्या दिवशी गिऱ्हाइकाला विचारायचं, सगळं ठीक ना? पहिल्या दिवशी विचारलं तर माणसाला काही कळलेलं नसतं, महिन्याने विचारलं तर विसरलेलं असतं. सातवा दिवस बरोब्बर. मी मोबाइलमध्ये तसा मेसेज लावून ठेवला. कुणी टॅटू काढून घेतला की सातव्या दिवशी सकाळी त्याला आपोआप जाणार: 'तुमचा टॅटू कसा आहे? मनापासून लिहा.' खाली लिंक. भाऊजींना विचारायची मला गरज वाटली नाही. विचारलं असतं तर 'बघू' म्हणाले असते.

दोन आठवड्यांत सव्वीस जणांना मेसेज गेले आणि एकोणीस जणांनी मनापासून लिहिलं.

'रंग सोलून निघतोय.' 'पापुद्रे पडतायत, अंथरुणात सगळा काळा कोंडा.' 'खाजून खाजून वेड लागायची पाळी.' 'पैसे घेऊन पुसणारा टॅटू काढला.' एक बस ड्रायव्हर होता, दंडावर सिंह काढून गेलेला. त्याने लिहिलं, 'सिंह काढायला गेलो होतो, आता खरूज झालेला कुत्रा दिसतो.' त्या नर्तकीने एक स्टार देऊन फक्त रडका चेहरा टाकला. सरासरी पाचावरून दोन पूर्णांक नऊवर आली. समोरच्या दुकानातला पोरगा दारात उभा राहून मोबाइल बघत हसत होता, आणि तो आमचंच वाचत होता याची मला खात्री आहे.

मी मोबाइल घेऊन आत गेले. भाऊजींनी सगळं वाचलं. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "वहिनी, सातव्या दिवशी कातडी कात टाकते. वरची कातडी रंगासकट सोलून निघते, खालची नवी असते ती धुरकट दिसते. सातव्या दिवशी मला विचारलं तर मीही एकच स्टार देईन."

"मग कधी विचारायचं?"

"चाळिसाव्या. त्याआधी मी स्वतःचं काम बघतसुद्धा नाही. प्रत्येकाला सांगतो, चाळीस दिवसांनी दाखवायला या. कुणी येत नाही."

मी पुढे येऊन खुर्चीत बसले. बावीस वर्षं तक्रारी ऐकून घेतलेली बाई मी, आणि स्वतःच्या हाताने एकोणीस तक्रारी बोलावून आणल्या होत्या. ज्या माणसाने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही त्याची पहिली मागणी मी धुळीला मिळवली होती. फार लाज वाटली. त्या दिवशी मी घरी कुणाशी बोलले नाही, आणि आमचे हे इतके घाबरले की त्यांनी आपणहून भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी एका गोड आवाजाच्या माणसाचा फोन आला. "मॅडम, रेटिंग पडलंय तुमचं. दोनशे फाइव्ह स्टार आठवड्यात देतो, वेगवेगळ्या नावांनी." अशा वेळी माणसाला मोह होतो म्हणतात. मला मोह झाला नाही, संताप आला. इस्पितळाला पुरावा हवा होता आणि हा मला भुतं विकत होता. मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. फोन ठेवल्यावर ह्यांना सांगितलं, "तो तुमचा सख्ख्या भावाचा रिव्ह्यू काढून टाका. आत्ता."

"माझा खरा आहे."

"खरा असू दे. काढा."

काढला. तेरा उरले आणि वर ते एकोणीस.

मग मी माझं जुनं हत्यार काढलं. फोन. मेसेज नाही, फोन. एकोणीसच्या एकोणीस जणांना लावला. तक्रार विभागात मी एक गोष्ट शिकले होते: आधी ऐकायचं, मग कबूल करायचं, मग एकच काम सांगायचं. "चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी तुम्हाला चुकीच्या दिवशी विचारलं. रिव्ह्यू राहू दे तसाच, बदला म्हणत नाही. फक्त अमुक तारखेला दाखवायला या, चाळिसावा दिवस आहे तुमचा." प्रत्येकाचा चाळिसावा दिवस मी कॅलेंडरवर लिहिला आणि आदल्या दिवशी पुन्हा फोन केला. नऊ वर्षं भाऊजी नुसतं सांगत होते. आठवण करणारं कुणी नव्हतं.

पहिला आला बस ड्रायव्हर. बाही खाली ओढलेली, कपाळाला आठ्या. "बघा काय बघायचंय ते," म्हणाला. भाऊजींनी त्याला आत नेलं नाही, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, कारण काम उन्हाच्या उजेडात बघायचं असतं. दंडाला ओल्या कापडाने एकदा पुसलं, हातात आरसा दिला.

त्याने आरसा धरला आणि बराच वेळ तसाच धरून राहिला. आयाळीचा एकेक केस सुटा दिसत होता. डोळ्यात तर असा राग होता की मीच नजर वळवली.

"हा तोच आहे?" त्याने विचारलं.

"तोच," भाऊजी म्हणाले.

तो खुर्चीतून न उठताच मोबाइल काढून लिहायला लागला. मला वाटलं जुनं पुसेल. त्याने पुसलं नाही. जुन्याच्या वर लिहिलं: 'खालचं मी सातव्या दिवशी लिहिलं होतं. आज चाळिसावा. सिंह सिंह आहे, कुत्रा मी होतो.' आणि पाच स्टार.

त्याचं बघून बाकीच्यांनीही तसंच केलं, जुनं खाली ठेवून नवं वर. नर्तकीने रडक्या चेहऱ्याच्या वर वेलीचा फोटो लावला. एकोणिसांतले सतरा फिरले. उरलेल्या दोघांतल्या एकाने बायकोची सही तिच्याच अक्षरात गोंदवली होती, त्याला तिचं अक्षरच आवडलं नव्हतं आणि दुसरा फोन उचलत नाही.

मध्यंतरी मी मागचं कपाट उघडलं. टॅटू काढण्याआधी गिऱ्हाईक एक कागद भरून सही करतं. नऊ वर्षांचे ते कागद गठ्ठ्यांनी पडले होते. रोज सकाळी दहा ते एक मी फोन लावत बसले. बदललेले नंबर, बदललेली गावं, बदललेल्या बायका. एका आजोबांनी सत्तराव्या वर्षी खांद्यावर विमान काढून घेतलं होतं. त्यांनी मला अर्धा तास विमानांविषयी सांगितलं आणि मग नातीला बसवून दीड पानाचा रिव्ह्यू लिहून घेतला. तीन महिने पुरे व्हायला पाच दिवस असताना मी मोजलं. एकशे दहा. सरासरी चार पूर्णांक सात. मी ह्यांना दुकानात बोलावून तो आकडा दाखवला. ह्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि आकडा पुन्हा वाचला. मला हसू आवरेना.

मंगळवारी समितीपुढे गेलो. लांब टेबल, पलीकडे तीन खुर्च्या, मधे भाजलेल्यांच्या वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरबाई. पिकलेले आखूड केस, नाकावर चष्मा. त्यांनी सगळे रिव्ह्यू खरंच वाचले होते. "हे सातव्या आणि चाळिसाव्या दिवसाचं मला फार आवडलं," त्या म्हणाल्या. "आमच्या कामातही सातव्या दिवशी रुग्ण आम्हाला शिव्याच देतात." मी मनातल्या मनात पेढे वाटले.

"पण एक अडचण आहे," त्या पुढे म्हणाल्या. "सिंह आहे, वेल आहे, विमान आहे. भाजलेल्या कातडीवरचं एकही काम यात दिसत नाही. तुम्ही केलंय असं अर्जात आहे. अकरा जण. त्यातल्या एकानेही दोन ओळी लिहू नयेत?"

मी म्हणाले, "ती माणसं लपवायला आलेली असतात, डॉक्टर. त्यांना शब्द दिलाय. त्यांचे कागदही मी पाहिलेले नाहीत."

"समजतं मला," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच समजत होतं. "पण मग मी माझे रुग्ण कशाच्या भरवशावर यांच्या हाती देऊ? शुक्रवारी अकराला आम्ही ठरवतोय. तोवर काही दाखवता आलं तर बघा."

दुकानात शिरल्याबरोबर मी हात पुढे केला. "द्या ते अकरा नंबर. मी बोलते. माझं कामच आहे ते."

"नाही वहिनी."

"अहो, मी गोड बोलीन."

"तुम्ही नाही. त्यांना शब्द मी दिलाय, मागायचंही मीच." असं म्हणून ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

दाराला वर काच आहे. मी काउंटरवरून उठून तिथे उभी राहिले, यात लपवण्यासारखं काही नाही. भाऊजी उभ्यानेच बोलत होते, एक हात बाकड्यावर टेकवून. पहिल्या फोनला आवाज फुटेना. मग ऐकू आलं: "मी टॅटूवाला बोलतोय. नाही, काही बिघडलं नाही. मला तुमच्याकडे काहीतरी मागायचंय. इस्पितळातली समिती शुक्रवारी अकराला ठरवणार आहे, त्यांना अशा कामाचा पुरावा हवाय. काय झाकलं ते लिहू नका, नावही लिहू नका. माझ्यासारख्याकडे अशा कामासाठी यावं की नाही, एवढंच लिहा. आणि नाही म्हणालात तरी माझ्या मनात काही येणार नाही." दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला तेच, जरा सरळ आवाजात. अकराच्या अकरा फोन त्यांनी असे केले. पोटच्या पोराचं पहिलं भाषण ऐकावं तशी मी काचेला नाक लावून ऐकत होते. रिव्ह्यू येवोत न येवोत, माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

बाहेर आले ते घामाने चिंब झाले होते. "पाणी लावू नका," मी म्हटलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते मोठ्याने हसले.

बुधवारी चार आले. गुरुवारी पाच. कुणाचंही नाव नाही, सगळ्यांचे पाच स्टार. 'नऊ वर्षांनी चारचौघांत पोहायला उतरलो.' 'माझ्या मुलीने मला विचारलं, आई तुझी भुवई इतकी छान कशी.' एकाने नुसतं लिहिलं, 'जा. घाबरू नका.' मी ते एकेक वाचून दाखवत होते आणि भाऊजी पाठ करून रंगांच्या बाटल्या पुसत होते, ज्या आधीच स्वच्छ होत्या.

शुक्रवारी सकाळी दहावा आला. 'मी शिवण शिकवते. काय लपवलं ते इथे लिहिणार नाही. ज्यांना बघायचं आहे त्यांनी समक्ष बघावं. अकरा वाजता मी इस्पितळात येते.'

"ह्या कोण?" मी विचारलं.

भाऊजी म्हणाले, "ह्या कधीच येणार नाहीत. ह्यांनी तर परवा फोनवर मला सरळ नाही म्हणून सांगितलं होतं."

अकराला पाच मिनिटं असताना समितीच्या खोलीबाहेर आम्ही बाकावर बसलो होतो, तर जिन्यावरून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, ताठ, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. त्यांनी भाऊजींकडे बघून मान हलवली आणि आम्हाला ओलांडून सरळ आत गेल्या. आम्ही मागोमाग.

"मला कुणी बोलावलेलं नाही," त्या तिघांना म्हणाल्या. "पण तुम्हाला पुरावा हवा होता म्हणे." मग खुर्ची ओढून बसल्या, दोन्ही हातांच्या लांब बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, अगदी नीट, घडीवर घडी, आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. "उकळत्या पाण्याने भाजलं होतं. एका हातावर, वीतभर. पांढरा फटक पट्टा होता. सतरा वर्षं मी उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घातल्या. आता सांगा, कुठे होता?"

डॉक्टरबाई पुढे वाकल्या. हात लावायला गेल्या तर बाई म्हणाल्या, "हात लावायचा नाही. नुसतं बघून सांगा."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. उठून टेबलाला वळसा घालून आल्या. दोन्ही हात खिडकीकडे वळवायला लावले आणि मनगटापासून कोपरापर्यंत सावकाश बघत गेल्या. भाजलेली कातडी बघण्यात या बाईंची हयात गेलेली. भाऊजी माझ्या शेजारी उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"डावा," डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या. "मनगटाच्या वर, इथून इथपर्यंत."

शिवणाच्या बाईंनी डावा हात उचलून मांडीवर ठेवला आणि उजवा तेवढा टेबलावर राहू दिला. "भाजला होता तो हा."

डॉक्टरबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. बाजूचे दोघेही हसायला लागले, आणि शिवणाच्या बाई इतक्या हसल्या की त्यांच्या गळ्यातली मोजपट्टी घसरून खाली पडली. मी ती उचलून दिली, कारण भाऊजींना हलता येत नव्हतं.

"सोमवारपासून याल?" डॉक्टरबाईंनी भाऊजींना विचारलं.

मला वाटलं, आता भाऊजी 'बघू' म्हणणार.

"येतो," भाऊजी म्हणाले.